डिशवॉशरचा कस लागतो वरच्या रॅकमध्ये

खालच्या रॅकवरून कुठल्याही डिशवॉशरचं कौतुक करता येतं. पंप तिथून वीतभर अंतरावर, पाणी उडवणारा फिरता पंखा मोठा, पाण्याचा जोर भरपूर. ताटं चकचकीत निघतात आणि दुकानातला माणूस तीच दाखवतो. मशीन कसं आहे ते कळतं वरच्या रॅकमध्ये, म्हणजे आमटीच्या वाट्या, ताकाचे पेले, चहाचे कप आणि कडेला साय वाळलेलं दुधाचं छोटं पातेलं तिथून कसं बाहेर येतं त्यावर. मुंबईच्या फ्लॅटमध्ये हल्ली बसतात त्या ६० सेंमी रुंदीच्या, १२ ते १४ सेटच्या (एक सेट म्हणजे एका माणसाची जेवणाची भांडी) मशिनांबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: खाली लख्ख, वर चिकट. हे परीक्षण त्या एका तक्रारीच्या अंगाने केलेलं आहे. आवाज, वीज, दरवाजाचा रंग यांवर इथे काही नाही.

आधी पाणी वर जातं कसं, ते बघू. मशीनच्या तळाच्या खळग्यात एका वेळी जेमतेम तीन-चार लिटर पाणी असतं. तेच पाणी पंप फिल्टरमधून खेचतो आणि पुन्हा पुन्हा फेकतो. एक वाट सरळ खालच्या पंख्याला जाते. दुसरी मागच्या भिंतीला लागून उभ्या नळीतून वर चढते. वरचा रॅक आत ढकलला की त्याच्या पाठीवरचं नळीचं तोंड या उभ्या नळीच्या तोंडावर जाऊन बसतं आणि तिथून पाणी रॅकखालच्या पंख्यात शिरतं. या पंख्याला मोटर नसते. टोकांकडच्या तिरक्या भोकांतून धार सुटते आणि तिच्या धक्क्याने तो उलट्या दिशेला फिरतो. बऱ्याच नव्या मशिनांत पाणी वाचवण्यासाठी एकदा वर, एकदा खाली असं आळीपाळीने सोडतात. ते काम करणाऱ्या वॉल्व्हला सर्व्हिसवाले डायव्हर्टर म्हणतात. थोडक्यात, खालच्या भांड्यांना पाणी आयतं मिळतं. वरच्यांसाठी त्याने उंची चढायची, एक सांधा ओलांडायचा आणि उरलेल्या जोरावर पंखा फिरवायचा. कुठेही पाच-दहा टक्के जोर गळला की पहिली झळ वरच्या वाट्यांना.

भांडी बाहेर काढून धुवायला टाकण्याआधी ती नीट बघा, निम्मं निदान तिथेच होतं. एक सरळ पट्टा स्वच्छ आणि बाकी सगळं तसंच असेल, तर पंखा फिरलेलाच नाही. जिथे उभा होता तिथलंच धुतलं गेलं. एकाच कोपऱ्यातली भांडी राहिली असतील, तर बहुधा कुठल्यातरी भांड्याने दुसऱ्याची धार अडवली आहे. पेल्यांच्या आत बारीक रवाळ कण चिकटलेत? मग पंखा ठीक आहे, फिल्टर नीट बसलेला नाही आणि खरकटं पाण्याबरोबर गोल फिरतंय. सगळीकडे सारखा तेलकट हात लागत असेल, तर पाणी पुरेसं तापलं नाही किंवा पावडर कमी पडली. आणि गोळी अर्धी तशीच उरली असेल, तर गोळीच्या कप्प्याचं झाकण उघडताना पुढ्यातल्या एखाद्या लांब दांड्याला अडलं. काही मशिनांत वरच्या रॅकच्या पुढच्या बाजूला गोळी पडण्यासाठी लहानसा ट्रे असतो. त्यात लोक हौसेने चमचे ठेवतात. ठेवू नका. गोळीला विरघळायला जागा तीच.

पंखा फिरतो की नाही हे बघायला पैसे पडत नाहीत. मशीन भरा, वरच्या पंख्याचं एक टोक दरवाजाकडे करून ठेवा, प्रोग्राम सुरू करा. दहा मिनिटांनी दरवाजा बोटभर उघडा, पाणी थांबायला दहा सेकंद द्या आणि मग पूर्ण उघडून टोक कुठे आहे ते बघा. एकदा तिथेच सापडलं तर योगायोग म्हणता येईल, म्हणून पाच-पाच मिनिटांनी आणखी दोनदा बघा. तिन्ही वेळा टोक दरवाजाकडेच असेल तर पंखा अडकलाय किंवा त्याला पाणीच मिळत नाही. पुढचं काम म्हणजे या दोहोंपैकी काय, ते ठरवणं.

अडकण्याचं कारण शंभरातल्या बहुतेक वेळा भरण्यात सापडतं, आणि इथे आपल्या भांड्यांचा स्वभाव आड येतो. ही मशिनं आखली गेली चपट्या प्लेटा आणि मगांसाठी. आपल्याकडे खालच्या रॅकमध्ये परात उभी राहते, तिचा काठ वरच्या पंख्याला खालून टेकतो आणि पंखा जागच्या जागी. खालच्या रॅकमध्ये किती उंचीचं ताट चालेल हा आकडा मॅन्युअलमध्ये सेंटिमीटरमध्ये दिलेला असतो, वरचा रॅक वर घेतल्यावर वेगळा आणि खाली घेतल्यावर वेगळा. तो एकदा वाचून परातीला टेप लावा. वरून अडकायचं तर झाऱ्याचा किंवा पळीचा दांडा रॅकच्या जाळीतून खाली उतरतो. प्लास्टिकच्या डब्याचं हलकं झाकण धारेने उडून नेमकं पंख्यावर बसतं. म्हणून दरवाजा लावण्याआधी दोन्ही पंख्यांना हाताने एक-एक गिरकी द्यायची. दोन सेकंदांचं काम आहे, आणि अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

वाट्यांचं मात्र थोडं नीट सांगायला हवं. स्टीलची वाटी हलकी. सपाट उपडी ठेवली तर तिच्या बुडाच्या कडेवर पाणी साचतं, आणि वाटीत वाटी गेली तर आतली कोरडीच राहते. जाळीच्या उभ्या काड्यांना टेकवून, तोंड खाली आणि आतल्या बाजूला, साधारण ४५ अंशांत तिरकी ठेवायची. दोन वाट्यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट हवी. असं ठेवलं की मशीनवर लिहिलेल्या सेटांच्या मानाने वाट्या कमी मावतात. हे या वर्गातल्या जवळजवळ सगळ्याच मशिनांचं उणं आहे आणि जाहिरातीत ते कुणी सांगत नाही. खोल तांब्या वरच्या रॅकमध्ये ठेवू नये. त्याच्या अरुंद गळ्यातून धार आत पोचत नाही, मशीन कितीही महाग असो. फुलपात्रं ठीक धुतली जातात.

भरण्यात चूक नसेल तर पंखा काढा. काही मशिनांत मध्यावर नट असतो, काहींत पंखा नुसता खाली ओढून निघतो. मॅन्युअलमधलं चित्र बघा, जोर लावू नका. काढला की कानाजवळ धरून हलवा. खुळखुळ वाजलं तर आत दाणे आहेत. पंख्याची भोकं दोन-तीन मिलिमीटरची, मोहरीचा दाणा साधारण तेवढाच. आमटीतली मोहरी, जिऱ्याची टरफलं, कढीपत्त्याचं देठ, खोबऱ्याचा कीस, वेलदोड्याचं साल आणि लोणच्याच्या बरणीवरून सुटलेला लेबलचा लगदा, हे सगळं या भोकांत सापडतं. फिल्टर असताना हे आत शिरतं कसं? दोन वाटांनी. एक, फिल्टर फिरवून शेवटपर्यंत बसवलेला नसतो, ‘टक’ आवाज आलेला नसतो किंवा बाण बाणासमोर आलेला नसतो. दोन, खळग्यात गढूळ पाणी असतानाच फिल्टर उपसून काढला जातो आणि तरंगणारं खरकटं सरळ पंपाच्या तोंडाशी पोचतं. आधी स्पंजने पाणी टिपावं, मग फिल्टर काढावा.

भोकं साफ करायला टूथपिक वापरू नका. ती ओली होऊन आत मोडते आणि दुखणं वाढतं. बारीक तांब्याची तार किंवा सेफ्टी पिन घ्या आणि कचरा आत न ढकलता बाहेर ओढा. मग पंखा अर्धा तास गरम पाण्यात बुडवून ठेवा, दोन लिटर पाण्याला दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व. ते किराणा दुकानात मिळतं. व्हिनेगरनेही चुना जातो, पण रबरी भाग त्यात वारंवार बुडवू नयेत. शेवटी सिंकच्या नळाचं तोंड पंख्याच्या मधल्या छिद्राला दाबून धरा आणि पाणी सोडा. प्रत्येक भोकातून धार दिसली पाहिजे, आणि दोन्ही टोकांच्या तिरक्या धारा सारख्या जोराच्या हव्यात. याच वेळी पंख्याची कड बघा. तो बहुधा प्लास्टिकच्या दोन पट्ट्या चिकटवून केलेला असतो. जोडावर कुठे पाण्याची पातळ चादर सुटत असेल तर जोड उकललाय. असा पंखा चिकटवून चालत नाही, तो बदलायचा.

पंखा साफ आहे आणि तरी पाणी येत नाही, मग मागचा सांधा. रॅक बाहेर काढून पाठीवरचं नळीचं तोंड आणि त्याभोवतीचं रबर बोटाने चाचपा. रबर कडक झालेलं, फाटलेलं किंवा नुसतंच निसटलेलं असतं. रॅकची चाकं झिजली किंवा एखादं तुटलं तर रॅक मागे झुकतो आणि तोंडं एकमेकांवर बसत नाहीत. पाणी भिंतीवर उडतं, पंख्यात जात नाही. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या रॅकमध्ये दुसरीच गंमत. डावा खटका वरच्या खाचेत, उजवा खालच्या, रॅक तिरपा. रिकाम्या रॅकमध्ये ते डोळ्याला दिसतं, भरल्यावर दिसत नाही. रॅक खाली-वर केल्यावर दोन्ही बाजूंचा आवाज आला का, हे ऐकावंच. आणि एखाद्या पळीचा दांडा मागच्या बाजूने बाहेर आला असेल, तर दरवाजा लागतो, मशीन चालू होतं, पण रॅक दोन सेंमी पुढेच राहतो. धुलाई त्या दोन सेंमीत हुकते.

आता मुंबईचं पाणी. यात दोन प्रश्न वेगळे आहेत, जोर आणि जडपणा, आणि लोक दोन्हींची सरमिसळ करतात.

जोराचं गणित सोपं. अनेक कंपन्या नळाला किमान ०.०५ मेगापास्कल, म्हणजे अर्धा बार दाब मागतात. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे अर्ध्या बारसाठी गच्चीवरची टाकी मशीनच्या नळापासून पाचेक मीटर वर हवी. पाचव्या मजल्यावरच्या टाकीखाली दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना काळजी नाही. अगदी वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावर, तिथे दाब काठावर येतो, आणि इमारतीचे नळ जुन्या लोखंडी पाइपांचे असतील तर काठाच्याही खाली. मोजायला बादली पुरे: मशीनच्या नळाखाली दहा लिटरची बादली मिनिटभरात भरते का बघा. दोन मिनिटं लागत असतील तर मशीन पाणी घेताना रखडतं. ठरावीक वेळ वॉल्व्ह उघडून पाणी मोजणाऱ्या मशिनात ते कमीच घेतलं जातं, पंप पाण्याबरोबर हवा ओढतो, गुरगुरतो, आणि वरचा पंखा आधी थांबतो. काही सोसायट्यांत गच्चीचा वॉल्व्ह ठरावीक वेळीच उघडा असतो. दीड-दोन तासांचा प्रोग्राम पाणी जाण्याआधी अर्धा तास लावला तर धुणं होतं आणि खंगाळणं उरतं. मशीनचा दोष नाही, घड्याळाचा आहे.

सोसायटीची टाकी धुतली की दुसऱ्या दिवशी पाइपातली माती आणि गंज खाली येतो. मशीनच्या पाणी घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती बुजते. अँगल कॉक बंद करा, नळी उघडा, जाळी पक्कडीने ओढून ब्रशने धुवा आणि परत बसवा. नळीच्या टोकाला प्लास्टिकचा डबा असेल तर आत विजेचा वॉल्व्ह असतो. तो पाण्यात बुडवायचा नाही आणि ती नळी कापून लांब करायची नाही. प्लंबरला हे आधीच सांगा, नाहीतर तो करवत काढतो.

जडपणाचं उलट आहे. महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांचं, पावसाचं साठलेलं, म्हणून मऊ. जड पाणी मऊ करायला मशिनात मीठ घालतात; फक्त तलावाच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात त्या मिठाची सेटिंग खालच्या पायरीवर पुरते. बोअरवेल किंवा टँकर मिसळत असेल तर गणित बदलतं. टँकरचं पाणी बरेचदा विहिरीचं. टेस्ट स्ट्रिपने मोजून सेटिंग करावी. मीठ संपल्यावर वरच्या पेल्यांवर पांढरा थर येतो, आणि तो ‘धुतलं नाही’ म्हणून खपतो. त्यावर लिंबाची फोड घासा. थर गेला तर चुना. मीठ भरा, सेटिंग वाढवा. नाही गेला तर काच खराब झाली आहे. मऊ पाणी, जास्त पावडर आणि फार गरम प्रोग्राम यांनी काच धूसर होते आणि तिची चमक परत येत नाही. म्हणजे तलावाच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात ‘भांडी नीट निघत नाहीत’ म्हणून पावडर वाढवत जाणं हा काचेचे पेले संपवण्याचा खात्रीचा मार्ग. डब्यांवरचा हळदीचा पिवळा डाग हाही वेगळा प्रकार. मशीन दोनदा लावून जात नाही, डबा दोन दिवस उन्हात ठेवला की फिका पडतो.

मशीन ड्राय बाल्कनीत ठेवलेलं असेल तर आणखी एक बघा. तिथल्या लाद्यांना मोरीकडे ढाळ असतो. मशीन पुढे किंवा बाजूला झुकतं, खळग्यातलं पाणी एका अंगाला जातं आणि रॅक आपोआप सरकतो. स्पिरिट लेव्हल तळाच्या कडेवर आडवी आणि उभी ठेवून पाय फिरवून समतोल साधा. बसवायला येणारे बहुतेक लोक हे टाळतात, आणि एकदा पुढे भरपूर सामान आल्यावर मशीनचे पाय कुणी फिरवत नाही.

फेसाबद्दल थोडक्यात. भांडी घासायचं लिक्विड चुकूनही आत जाता कामा नये. हाताने घासून मग मशिनात टाकलेल्या भांड्यांवर राहिलेला थेंबही पुरतो. फेस म्हणजे पाण्यात हवा, आणि हवेने पंखा फिरत नाही. कणकेची परात आणि भाताचं भांडं मात्र पाण्याने हिसळून टाकावं. त्यांचा चिकटा फिल्टरवर पापुद्र्यासारखा बसतो. बाकी भांडी नुसती खरकटं झटकून ठेवा. ऑटो प्रोग्राम पाण्याचा गढूळपणा बघून वेळ ठरवतो, त्यामुळे आधीच चकाचक केलेली भांडी त्याला फसवतात आणि तो लवकर आटोपतो. तुपाच्या आणि खोबरेलाच्या भांड्यांना अर्ध्या तासाचा प्रोग्राम लावून वर चिकट राहिलं म्हणणं अन्याय आहे. ६५-७० अंशांचा प्रोग्राम त्यांच्यासाठीच असतो. कमी वेळाच्या प्रोग्रामला गोळीपेक्षा पावडर बरी, ती लवकर विरते. अर्ध्या भाराचं बटण चुकून दाबलेलं नाही ना, तेही बघा. काही मॉडेलांत ते एकाच रॅकला पाणी देतं.

हे सगळं ठीक आणि तरी वरचा पंखा थंड, तेव्हा सर्व्हिसवाल्याला बोलवा. खाली व्यवस्थित धुतलं जातंय, म्हणजे मुख्य पंप चालू आहे. पहिल्याच भेटीत ‘पंप गेला’ असं ऐकू आलं तर सही करण्याआधी डायव्हर्टर तपासला का, ते विचारा. तपासणीच्या मोडमध्ये तो वॉल्व्ह वर-खाली फिरवता येतो, आणि फिरताना पाण्याचा आवाज बदलतो. आवाज बदलत नसेल तर अडकलाय. या बाबतीत मुंबईतल्या सर्व्हिसबद्दल बरं-वाईट दोन्ही म्हणावं लागेल: हुशार माणूस आल्याबरोबर आधी पंखा काढून हलवतो, बाकीचे साफ करायच्या पावडरची पुडी विकून मशीन रिकामं चालवतात आणि निघतात. पंखा, मागचं रबर, रॅकची चाकं हे सुटे भाग सुटे विकले जातात. रबर नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून मापाने आणायचा मोह होतो, पण गरम पाण्याला आणि डिटर्जंटला टिकणारं ते असेलच असं नाही; कंपनीचंच घ्या. वॉरंटीत असताना मागचं कव्हर उघडू नका.

नवं घ्यायचं असेल तर दुकानात खालचा रॅक बघायचाच नाही. वरचा पूर्ण बाहेर ओढा, डोकं वाकवून पंखा बघा, तो कुठल्याही हत्याराविना निघतो का ते विचारा आणि काढून दाखवायला सांगा. रॅकवर थोडं वजन टाकून उंचीचे खटके दोन्ही हातांनी चालवा. भरलेला रॅक तिरपा होत असेल तर घरी रोज होईल. वरती चमच्यांचा तिसरा ट्रे असेल तर त्याने वरच्या रॅकची उंची खाल्लेली असते, मग उभे पेले मावत नाहीत. ४५ सेंमीच्या अरुंद मशिनात वरचा पंखा आखूड, वाट्यांची एक रांग कमी. दोन-तीन माणसांच्या घराला चालतं, सणासुदीला नाही. ओट्यावर ठेवायच्या छोट्या मशिनात एकच रॅक असतो, त्यामुळे ही कटकट नाही, पण परातही नाही. सोबत घरची सगळ्यात मोठी परात, एक फुलपात्र आणि सहा वाट्या पिशवीत घालून न्या आणि तिथेच लावून, दोन्ही पंखे हाताने फिरवून बघा.